सँक्शन म्हणजे मंजुरी की निर्बंध? एकाच शब्दाचे दोन उलटे अर्थ ओळखायचे कसे

प्रश्न थोडक्यात असा आहे. बँकेच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या एकाने लहानपणापासून घरात 'लोन सँक्शन झालं' हेच ऐकलंय, त्यामुळे सँक्शन म्हणजे मंजुरी हे डोक्यात पक्कं बसलेलं. आता इंग्रजी पेपर वाचायला घेतला आणि 'यूएस सँक्शन्स इंडियन फर्म्स ओव्हर इराण ऑइल' अशी हेडलाईन समोर आली, वाटलं अमेरिकेने इराणचं तेल घ्यायला आपल्या कंपन्यांना परवानगी दिली, आणि खाली बातमी वाचली तर सगळं उलटंच निघालं. मग खरा अर्थ कोणता, आणि परीक्षेत किंवा ऑफिसात हा शब्द आला तर कसं ओळखायचं, एवढं विचारलंय.

दोन्ही अर्थ खरे आहेत आणि दोन्ही आजच्या इंग्रजीत रोज वापरले जातात, एक जुना झाला आणि दुसरा नवा आला असं काही नाही. मी स्पर्धा परीक्षांच्या मुलांना इंग्रजी शिकवते, त्याआधी बातम्यांच्या भाषांतराचं कामही पुष्कळ केलंय, त्यामुळे हा शब्द मंजुरीच्या बाजूनेही हाताळलाय आणि निर्बंधांच्या बाजूनेही. माझं सांगणं एकच आहे की या शब्दाचा अर्थ शब्दात शोधू नका, त्याच्या शेजारी कोण बसलंय ते बघा, अर्थ तिथे असतो. आणि शेजारी बघायचं म्हणजे नेमकं काय ते आता नीट सांगते, कारण 'कॉन्टेक्स्टवरून समजतं' एवढं सांगून सोडून दिलं तर विद्यार्थ्याच्या हातात काहीच पडत नाही.

सँक्शन क्रियापद म्हणून आलं असेल तर पहिलं काम म्हणजे कर्म शोधा, कशाला सँक्शन केलं ते. कर्म जर एखादं काम असेल, योजना असेल, कर्ज, खर्च, रजा, बांधकामाचा प्लॅन असं काही असेल तर अर्थ मंजूर केलं. कर्म जर देश असेल, कंपनी असेल, माणूस, बँक किंवा जहाज असेल तर अर्थ निर्बंध लादले किंवा दंडाची कारवाई केली. 'द बँक सँक्शन्ड द लोन' म्हणजे बँकेने कर्ज मंजूर केलं, आणि 'द ट्रेझरी सँक्शन्ड द बँक' म्हणजे अमेरिकेच्या अर्थखात्याने त्या बँकेवर निर्बंध घातले. दोन्हीकडे बँक आहे, दोन्हीकडे क्रियापद तेच आहे, काळही तोच, फक्त बँक कर्त्याच्या जागेवरून कर्माच्या जागेवर गेली आणि अर्थ पूर्ण उलटला. कर्मणी प्रयोगातही हेच चालतं, 'द प्रोजेक्ट वॉज सँक्शन्ड इन मार्च' म्हणजे प्रकल्प मंजूर झाला आणि 'द मिनिस्टर वॉज सँक्शन्ड बाय द युरोपियन युनियन' म्हणजे त्या मंत्र्यावर युरोपियन युनियनने निर्बंध घातले.

आता त्या हेडलाईनकडे जरा जवळून बघू, कारण तिच्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि तिन्ही एकदम अंगावर आल्या की गोंधळ होतोच. पहिली, 'सँक्शन्स' मधला शेवटचा 'स' अनेकवचनाचा नाहीये, तो क्रियापदाचा आहे, अमेरिका एकवचनी कर्ता म्हणून. इंग्रजी हेडलाईनमध्ये कालची गोष्टसुद्धा साध्या वर्तमानकाळात लिहितात, म्हणजे 'अमेरिकेने निर्बंध घातले'. दुसरी, कर्म 'इंडियन फर्म्स' आहे, कंपन्या, म्हणून निर्बंध. तिसरी आणि सगळ्यात जास्त दुर्लक्ष होणारी म्हणजे 'ओव्हर'. इथे ओव्हर म्हणजे वर नाही, 'च्यावरून' असं आहे, भांडण कशावरून झालं ते सांगणारं. 'इराणच्या तेलावरून भारतीय कंपन्यांवर अमेरिकेचे निर्बंध', ही झाली मराठी हेडलाईन. मंजुरीच्या अर्थाला असं 'ओव्हर' लागतच नाही, मंजुरी कुणाला भांडणावरून देत नाहीत. म्हणजे कर्म चुकून दिसलं नसतं तरी एकट्या ओव्हरने तुम्हाला वाट दाखवली असती.

याच्या शेजारी दुसरी हेडलाईन ठेवा, 'यूएस सँक्शन्स हर्ट इराण्स ऑइल एक्स्पोर्ट्स'. इथे तेच दोन शब्द, 'यूएस सँक्शन्स', पण पुढे 'हर्ट' हे दुसरं क्रियापद आहे, म्हणजे सँक्शन्स आता नाम झालं, अमेरिकेचे निर्बंध, आणि त्यांनी इराणच्या तेल निर्यातीला फटका बसलाय. त्यामुळे वाक्यात दुसरं क्रियापद सापडतंय का हे आधी बघायची सवय लावा, सापडलं तर सँक्शन्स नाम, नाही सापडलं तर तेच क्रियापद.

नाम असेल तेव्हा तर ओळखणं अजून सोपं आहे. अनेकवचनात 'सँक्शन्स' आलं की शंभरातल्या बहुतेक वेळा निर्बंध, आणि त्याच्यासोबत ठराविक मंडळी फिरत असतात, 'इम्पोज सँक्शन्स' निर्बंध लादणे, 'लिफ्ट सँक्शन्स' उठवणे, 'ईज' म्हणजे सैल करणे, 'टायटन' म्हणजे आवळणे, 'इव्हेड' म्हणजे चुकवणे. पुढे 'ऑन' किंवा 'अगेन्स्ट' येतं, 'सँक्शन्स ऑन रशिया', 'सँक्शन्स अगेन्स्ट इराण'. मंजुरीच्या अर्थाने येतं तेव्हा ते मोजता न येणारं नाम असतं, एकवचनी, पुढे बहुतेक 'ऑफ' किंवा 'फॉर', आणि बरोबर 'विथ', 'विदाउट', 'प्रायर', 'प्रीव्हियस', 'ऑफिशियल' असे शब्द. 'विदाउट द सँक्शन ऑफ द कमिशनर' म्हणजे आयुक्तांच्या मंजुरीशिवाय. इथे कुणी सँक्शन्स लिहिलं तर चुकलंच.

एक ठिकाण असं आहे जिथे हुशार मुलंही अडखळतात, ते म्हणजे 'गव्हर्नर सँक्शन्स प्रॉसिक्यूशन ऑफ मिनिस्टर' असल्या बातम्या. मंत्र्याला त्रास होणार हे दिसतंय म्हणून मुलं पटकन निर्बंध किंवा शिक्षा असं लिहितात. पण कर्म बघा, कर्म मिनिस्टर नाहीये, प्रॉसिक्यूशन आहे, खटला चालवणं हे एक काम आहे, म्हणून अर्थ 'खटला चालवण्यास राज्यपालांची मंजुरी'. आपल्याकडे १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १९ मध्ये लोकसेवकावरच्या खटल्याची न्यायालयाने दखल घेण्याआधी सक्षम अधिकाऱ्याची पूर्वमंजुरी लागते, तिलाच कायद्याच्या इंग्रजीत 'प्रीव्हियस सँक्शन' म्हणतात, आणि वकील, पोलीस, पत्रकार सगळे मराठीत बोलतानासुद्धा 'सँक्शन मिळालं नाही म्हणून केस अडकलीय' असंच म्हणतात. त्यामुळे परिणाम कुणासाठी चांगला आणि कुणासाठी वाईट याच्यावरून अर्थ ठरवू नका, व्याकरणाने ठरवा.

कर्माची ही कसोटी एका जागी मात्र कमी पडते आणि ते आधीच सांगून ठेवते. कर्म जर गैरवर्तन, नियमभंग, हिंसा असं काही असेल तर दोन्ही अर्थ शक्य असतात. 'द स्कूल कॅनॉट सँक्शन सच बिहेवियर' म्हणजे शाळा असलं वागणं खपवून घेऊ शकत नाही, त्याला मान्यता देऊ शकत नाही. पण 'द रेग्युलेटर फेल्ड टू सँक्शन ब्रीचेस ऑफ द रूल्स' म्हणजे नियामक संस्थेने नियमभंगाबद्दल शिक्षा करायला हवी होती ती केली नाही. पहिल्यात मान्यता, दुसऱ्यात शिक्षा, आणि कर्म दोन्हीकडे वाईट वागणंच आहे. अशा वेळी मग कर्ता कोण आहे ते बघावं लागतं, कोर्ट, रेग्युलेटर, शिस्तपालन समिती असं कुणी असेल तर बहुतेक शिक्षा. वाचताना एवढं पुरतं, पण स्वतः लिहिताना या जागी सँक्शन वापरूच नका, सरळ 'पनिश' लिहा किंवा 'अप्रूव्ह' लिहा, वाचणाऱ्याला दोनदा विचार करायला लावू नका.

आता एकाच शब्दाला दोन उलटे अर्थ आले कुठून. मुलांना मी हे नेहमी सांगते कारण एकदा हे कळलं की पाठ करावं लागत नाही. मूळ लॅटिन क्रियापद 'सांकिरे', पवित्र ठरवणं, आणि त्यावरूनच एखादी गोष्ट कायद्याने पक्की, न मोडता येण्यासारखी करणं. त्याच घराण्यातले 'सेंट', 'सँक्टिटी' म्हणजे पावित्र्य, 'सँक्च्युअरी' म्हणजे जिथे हात लावायचा नाही अशी जागा, म्हणून कर्नाळ्याचं पक्षी अभयारण्य इंग्रजीत बर्ड सँक्च्युअरी. आपल्या मुंबईतलं सांताक्रूझसुद्धा याच घराण्यातलं, पोर्तुगीजमध्ये सांता क्रूझ म्हणजे पवित्र क्रूस. तर रोमन कायद्यात 'सांक्तिओ' म्हणजे कायद्याचा तो भाग जो त्या कायद्याला बळ द्यायचा, म्हणजे हा मोडलात तर काय होईल ते सांगणारं कलम. एका बाजूने बघितलं तर त्याने कायद्याला अधिकाराची मान्यता मिळते आणि दुसऱ्या बाजूने बघितलं तर तीच शिक्षेची तरतूद आहे. ग्रामपंचायतीचा शिक्का जसा घर बांधायच्या परवानगीवर बसतो आणि अतिक्रमणाच्या नोटिशीवरही तोच बसतो, तसं समजा. शब्दाचा गाभा आहे 'अधिकाराने पक्कं केलेलं', पुढे एक फांदी मंजुरीकडे गेली आणि दुसरी दंडाकडे.

इतिहासात या शब्दाचा तिसरा, जुना वापरही भेटतो आणि यूपीएससीची जागतिक इतिहासाची पुस्तकं वाचणाऱ्यांना तो हमखास अडतो. १७१३ ची 'प्रॅग्मॅटिक सँक्शन'. हा ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग राजघराण्यातला सम्राट सहावा चार्ल्स याने काढलेला वारसाहक्काचा फर्मान होता, ज्याच्यामुळे पुढे त्याची मुलगी मारिया थेरेसा हिला वारसा मिळायचा रस्ता मोकळा झाला. इथे सँक्शन म्हणजे मंजुरीही नाही आणि निर्बंधही नाही, सरळ राजाज्ञा. याच्यात मूळ लॅटिन अर्थ अजून जिवंत दिसतो. कायद्याच्या मुलांना याच्या पुढचा टप्पा माहीत असतो, इंग्रज कायदेतज्ज्ञ जॉन ऑस्टिन. १८३२ मध्ये छापल्या गेलेल्या त्याच्या व्याख्यानांत कायदा म्हणजे सार्वभौम सत्तेची आज्ञा अशी मांडणी आहे, आणि ती आज्ञा मोडली तर जे वाईट भोगावं लागतं त्याला तो सँक्शन म्हणतो. एलएलबीला 'कमांड, ड्यूटी, सँक्शन' हे तीन शब्द घोकून घेतात, आणि तिथे कुणी सँक्शनचं भाषांतर मंजुरी केलं तर पुढचा अख्खा धडा कळत नाही.

देशादेशांमधले निर्बंध हा अर्थ खऱ्या अर्थाने लोकांच्या तोंडी बसला तो पहिल्या महायुद्धानंतर, राष्ट्रसंघाच्या काळात. इटलीने ऑक्टोबर १९३५ मध्ये अ‍ॅबिसिनियावर, म्हणजे आजच्या इथिओपियावर, हल्ला केला आणि राष्ट्रसंघाने इटलीवर सँक्शन्स लावले, पण त्यात तेल घेतलंच नाही, सुएझ कालवाही बंद केला नाही, आणि १९३६ च्या जुलैत ते उठवलेसुद्धा. मुसोलिनीचं फारसं काही अडलं नाही. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत कलम ४१ आलं, आर्थिक संबंध तोडणं, रेल्वे, समुद्र, हवाई, टपाल संपर्क तोडणं वगैरे, गंमत बघा, त्या कलमात सँक्शन्स हा शब्द नाहीये, तिथे 'मेझर्स' म्हणजे उपाय असं लिहिलंय, पण सगळं जग त्यांना सँक्शन्सच म्हणतं. १९६६ मध्ये सुरक्षा परिषदेने ऱ्होडेशियावर, म्हणजे आजच्या झिम्बाब्वेवर, सक्तीचे निर्बंध लावले, १९७७ मध्ये दक्षिण आफ्रिकेवर शस्त्रबंदी आली. दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडण्यात भारत सगळ्यांच्या पुढे होता, १९४६ मध्येच आपण तो थांबवला होता, वंशभेदाच्या विरोधात.

आणि हा शब्द मराठी घरांमध्ये 'निर्बंध' या अर्थाने पहिल्यांदा धडकून आला तो १९९८ मध्ये असं मी म्हणेन. ११ आणि १३ मे ला पोखरणला अणुचाचण्या झाल्या आणि लगेच अमेरिकेने, जपानने भारतावर निर्बंध घातले. त्या दिवसांत वर्तमानपत्रांत, टीव्हीवर 'सँक्शन्स' हा शब्द रोज होता. त्यातले बरेचसे हळूहळू सैल झाले आणि उरलेले अमेरिकेने सप्टेंबर २००१ मध्ये उठवले. नंतर २०१९ च्या मे महिन्यात भारताने इराणकडून तेल घेणं थांबवलं तेही अमेरिकेच्या इराणवरच्या सँक्शन्समुळेच, आपल्यावर कुणी निर्बंध घातले म्हणून नाही. याला इंग्रजीत 'सेकंडरी सँक्शन्स' म्हणतात, म्हणजे मूळ निर्बंध इराणवर, पण इराणशी धंदा करणाऱ्या तिसऱ्या देशातल्या कंपनीलाही फटका. प्रश्नातल्या हेडलाईनमागे हेच असतं. अमेरिकेच्या अर्थखात्याचं ओफॅक नावाचं कार्यालय अशा कंपन्यांची यादी काढतं, यादीत नाव आलं की त्या कंपनीची अमेरिकेतली मालमत्ता गोठते आणि अमेरिकन लोकांना, अमेरिकन बँकांना तिच्याशी व्यवहार करता येत नाही. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये रोसनेफ्ट आणि लुकॉईल या रशियन तेल कंपन्यांवर अमेरिकेने सँक्शन्स घातले तेही याच रस्त्याने.

इथेच तीन शेजारी शब्द वेगळे करून घ्या, कारण बातम्यांत ते एकमेकांत मिसळतात. 'एम्बार्गो' म्हणजे व्यापारबंदी, बहुतेक एखाद्या वस्तूची किंवा एखाद्या देशाशी, 'आर्म्स एम्बार्गो' म्हणजे शस्त्रबंदी, हा सँक्शन्सचाच एक प्रकार. 'टॅरिफ' म्हणजे आयात शुल्क, हे सँक्शन नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये रशियन तेलाच्या कारणावरून अमेरिकेने भारतीय मालावर आणखी २५ टक्के शुल्क लावलं तेव्हा खूप जणांनी 'अमेरिकेने भारतावर सँक्शन लावलं' असं लिहिलं, ते बरोबर नाही, माल विकायला बंदी नव्हती, तो महाग झाला होता. आणि 'बॉयकॉट' म्हणजे बहिष्कार, तो लोकही घालू शकतात, सँक्शन्स मात्र कुठल्या तरी अधिकारी संस्थेकडूनच येतात, हा अधिकाराचा धागा लॅटिनपासून सुटलेला नाही.

आता मंजुरीच्या बाजूकडे येऊ, तिथे आपलं भारतीय इंग्रजी खूप श्रीमंत आहे. तुमच्या घरचं महावितरणचं बिल काढा, त्यावर 'मंजूर भार' असा रकाना असतो, किलोवॅटमध्ये, इंग्रजीत तोच 'सँक्शन्ड लोड'. बिल्डरकडे फ्लॅट बघायला गेलात तर 'सँक्शन्ड प्लॅन दाखवा' म्हणायचं असतं, म्हणजे महापालिकेने किंवा संबंधित प्राधिकरणाने मंजूर केलेला नकाशा. सरकारी भरतीच्या बातम्यांत 'सँक्शन्ड पोस्ट्स' म्हणजे मंजूर पदं, भरलेली वेगळी आणि मंजूर वेगळी. मुंबई उच्च न्यायालयाची 'सँक्शन्ड स्ट्रेंथ' ९४ न्यायाधीशांची आहे म्हणजे तेवढी पदं मंजूर आहेत, प्रत्यक्षात बसलेले न्यायाधीश त्याहून कमी असू शकतात. हवाई दलाच्या ४२ स्क्वॉड्रनबद्दल वाचता तेव्हाही तेच, ती मंजूर संख्या आहे. बँकेच्या परीक्षेला बसणाऱ्यांनी तर 'सँक्शन' आणि 'डिस्बर्समेंट' यांच्यातला फरक नीट डोक्यात घ्यावा. सँक्शन लेटरमध्ये किती रक्कम, किती व्याजदर, किती मुदत, कोणत्या अटी आणि हे पत्र किती दिवस चालेल एवढं असतं, पैसे अजून आलेले नसतात. कागदपत्रं, मालमत्तेची कायदेशीर तपासणी वगैरे झाल्यावर पैसे सुटतात ते डिस्बर्समेंट. लोन सँक्शन झालं म्हणून पेढे वाटणं ठीक, पण बिल्डरला तारखा देऊ नका.

पण हे सगळे वापर भारतात जितके घरगुती आहेत तितके बाहेर नाहीत. अमेरिकन माणूस लोनबद्दल 'अप्रूव्ह्ड' म्हणतो, रजेबद्दलही 'अप्रूव्ह्ड', आणि त्याच्या कानावर सँक्शन हा शब्द मुख्यतः निर्बंध म्हणूनच पडत असतो. माझा एक विद्यार्थी हिंजवडीत सॉफ्टवेअर कंपनीत आहे, त्याने अमेरिकेतल्या क्लायंटला मेल लिहिला, 'द न्यू व्हेंडर हॅज बीन सँक्शन्ड बाय अवर फायनान्स टीम'. त्याला म्हणायचं होतं की नवीन व्हेंडरला आमच्या फायनान्सने मान्यता दिलीय. तिकडे वाचलं गेलं की व्हेंडर सँक्शन्ड आहे, निर्बंधांच्या यादीतला, आणि त्यांच्या कंप्लायन्सवाल्यांनी, म्हणजे कंपनी कायदे-नियम पाळतेय ना ते बघणाऱ्यांनी, सगळं पेमेंट थांबवून चौकशी सुरू केली. वर दिलेली कर्माची कसोटी इथे लावून बघा, व्हेंडर म्हणजे कंपनी, कंपनीला सँक्शन केलं म्हणजे निर्बंध. मुलाने लिहायला हवं होतं 'द व्हेंडर हॅज बीन अप्रूव्ह्ड' किंवा फार तर 'द पेमेंट हॅज बीन सँक्शन्ड'. माझा सल्ला असा की भारतातल्या ऑफिसला, बँकेला, सरकारी खात्याला लिहिताना सँक्शन बिनधास्त वापरा, तिथे तोच शब्द रुळलेला आहे आणि तो चूक अजिबात नाही, पण परदेशी माणसाला लिहिताना मंजुरीसाठी 'अप्रूव्ह' किंवा 'ग्रँट' वापरा. इन्शुरन्स, शिपिंग, बँकिंग या क्षेत्रांत काम करणाऱ्यांनी तर जास्तच, कारण तिथे 'सँक्शन्स स्क्रीनिंग', म्हणजे समोरच्याचं नाव निर्बंधांच्या यादीत आहे का ते तपासणं, हे रोजचं काम असतं आणि त्या शब्दाने लोक सावध होतात.

विशेषण म्हणून आलं की जोडशब्द बघा. 'स्टेट-सँक्शन्ड व्हायोलन्स' म्हणजे राज्यसंस्थेच्या संमतीने चाललेली हिंसा, हा मान्यतेचा अर्थ, पण 'यूएस-सँक्शन्ड टँकर' म्हणजे अमेरिकेने निर्बंध घातलेलं तेलवाहू जहाज. पुन्हा तीच युक्ती, हिंसा ही कृती आहे, टँकर ही वस्तू, कुणाच्या तरी मालकीची. 'अनसँक्शन्ड' मात्र जवळजवळ नेहमी विनापरवाना, मान्यता नसलेलं. २००७ मध्ये सुरू झालेली इंडियन क्रिकेट लीग आठवत असेल, बीसीसीआयची मान्यता नव्हती म्हणून परदेशी पेपर तिला अनसँक्शन्ड म्हणायचे. आणि ज्याच्यावर निर्बंध नाहीत अशी कंपनी सांगायची असेल तर 'नॉन-सँक्शन्ड' लिहितात.

समाजशास्त्र ज्यांनी ऑप्शनल घेतलंय त्यांच्यासाठी वेगळं एक वाक्य, तिथे सँक्शन म्हणजे समाज आपल्या नियमांप्रमाणे वागायला लावण्यासाठी जे काही करतो ते, शाबासकी असेल तर 'पॉझिटिव्ह सँक्शन', टोमणे किंवा वाळीत टाकणं असेल तर 'निगेटिव्ह सँक्शन'. तिथे बक्षीस आणि शिक्षा दोन्ही एकाच शब्दात राहतात.

शिकायचं कसं याबद्दल. वहीत 'सँक्शन = मंजुरी' असं लिहून ठेवण्याची जी सवय आपल्याला शाळेपासून लागलीय ती या शब्दाला सगळ्यात जास्त मारक आहे. त्याऐवजी एका शब्दाला एक अख्खं पान द्या, मधोमध रेघ मारा, डावीकडे मंजुरीची वाक्यं, उजवीकडे निर्बंधांची, आणि वाक्यं स्वतः रचू नका, पेपरमधून जशीच्या तशी उतरवा. प्रत्येक वाक्यात सँक्शनच्या पुढचा शब्द अधोरेखित करा. दहा-बारा वाक्यं झाली की डावीकडे लोन, फंड्स, पोस्ट्स, प्रॉसिक्यूशन, प्लॅन अशी रांग दिसेल आणि उजवीकडे रशिया, इराण, बँक्स, टँकर्स, ऑफिशियल्स, मग परत कधी अडत नाही. शब्दकोश बघायचा तर इंग्रजी-मराठी नको, लर्नर्स डिक्शनरी बघा, ऑक्सफर्डची, केंब्रिजची किंवा लाँगमनची, मोबाईलवर फुकट उघडतात. तिथे प्रत्येक अर्थापाशी तो मोजता येणारा आहे का, बहुतेक अनेकवचनात येतो का, पुढे कोणतं शब्दयोगी येतं हे लिहिलेलं असतं, मुलं ती बारीक अक्षरं सोडून सरळ अर्थावर उडी मारतात, आणि खरी माहिती त्या बारीक अक्षरांतच असते.

उच्चाराचंही सांगून टाकते. पुष्कळ जण 'लोन सेक्शन झालं' म्हणतात, इंटरव्ह्यूला ते खटकतं. 'सॅ' उघडा, मग 'अंक' मधला अनुनासिक आवाज, मग क्शन. सेक्शन हा वेगळा शब्द आहे, विभाग किंवा कायद्याचं कलम, आणि कायद्याच्या संदर्भात तर 'सँक्शन अंडर सेक्शन नाइन्टीन' असं एका दमात बोलावं लागतं, तेव्हा दोन्ही वेगळे ऐकू आले पाहिजेत.

परीक्षेत समानार्थी शब्द विचारला आणि वाक्य दिलं नसेल तर पर्याय बघून ठरवा. अप्रूव्हल, परमिशन, ऑथरायझेशन, रॅटिफाय यातलं एक असेल तर ते, पेनल्टी, एम्बार्गो यातलं असेल तर ते, नीट काढलेल्या पेपरात दोन्ही बाजूंचे पर्याय एकत्र देत नाहीत. विरुद्धार्थी विचारलं तर बहुतेक वेळा मंजुरीचा अर्थ धरलेला असतो आणि उत्तर 'प्रोहिबिट', 'बॅन', 'डिसअप्रूव्ह' असं काहीतरी असतं. क्लोज टेस्टमध्ये किंवा उताऱ्यात मात्र रिकाम्या जागेच्या पुढचा शब्द आधी वाचा, 'ऑन' असेल आणि त्यापुढे देशाचं नाव असेल तर 'सँक्शन्स' अनेकवचनात भरा, 'ऑफ द गव्हर्नमेंट' असेल तर एकवचनात. पर्यायांमध्ये 'सँक्शन' आणि 'सँक्शन्स' दोन्ही दिलेले असतील तर पेपर काढणाऱ्याने नेमकं हेच तपासायला घेतलंय असं समजा.